शह आणि चेक : एका शब्दाच्या दोन वाटा

बँकेत भरायचा चेक, शर्टाच्या कापडावरचा चेक, डॉक्टरांकडचे चेकअप, मुलुंडचा चेकनाका आणि 'गॅस बंद केलास का, एकदा चेक कर' या घरगुती सूचनेतला चेक. एवढ्या निरनिराळ्या कामांना आपण एकच आखूड इंग्रजी शब्द लावतो. कापडावरच्या चौकड्यांचा पैशाच्या कागदाशी काय संबंध? अडवण्याचा तपासण्याशी काय संबंध? या प्रश्नांचा माग काढत गेले की सगळ्या वाटा बुद्धिबळाच्या पटावर येऊन मिळतात.

फार्सीत 'शाह' म्हणजे राजा. भारतातले चतुरंग इराणात गेले, तिथे त्याचे 'चतरंग' झाले आणि अरबांकडे 'शतरंज'. प्रतिपक्षाच्या राजावर मोहरा रोखला की 'शाह' असे म्हणून त्याला सावध करण्याची रीत होती. हा पुकारा खेळाबरोबर अरबीतून युरोपात पोचला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा 'स्काकुस' झाला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', आणि इंग्रजीने सुरुवातीचा स्वर गाळून 'चेक' केला. 'चेस' हे खेळाचे इंग्रजी नावही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आले. इंग्रज माणूस 'चेस' म्हणतो तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने तो 'राजे' म्हणत असतो.

'शाह'च्या मागे अजून जाता येते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दरायसने बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरवला, त्यात राजासाठी 'ख्शायथिय' असा शब्द आहे. तोच झिजत झिजत 'शाह' झाला. सत्ता गाजवणे या अर्थाचा त्यातला धातू संस्कृत 'क्षत्र' शब्दाच्या कुळातला आहे. त्याच कुळातला 'क्षत्रप', म्हणजे राज्याचा रक्षक, हा इराणी शब्द तर महाराष्ट्रात येऊन दगडात कोरला गेला. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असा व्याजाचा दरही दिला आहे. राजसत्तेचा हा शब्द आणि पैशाची ठेव इथे एका दगडावर भेटतात हा योगायोग. इंग्लंडमध्ये त्यांची जी गाठ पडली ती मात्र कारणाने पडली.

त्याआधी आपली वाट पाहू. मराठीत हाच शब्द फार्सीकडून थेट आला, तो 'शह' म्हणून. शह देणे, काटशह, शहकाटशहाचे राजकारण हे प्रयोग बुद्धिबळ न खेळणाऱ्याच्याही तोंडी असतात. आपण 'राजाला शह दिला' म्हणतो तेव्हा शब्दशः 'राजाला राजा दिला' असे म्हणतो, पण ते कानाला खटकत नाही, इतका मूळ अर्थ पुसला गेला आहे. सोबतीचा 'मात'ही तसाच. 'शाह मात' म्हणजे राजा मेला, असा अर्थ पुष्कळदा सांगितला जातो. अरबीत 'मात' म्हणजे मेला हे खरे. पण फार्सीत 'मात' म्हणजे हतबल, दिङ्मूढ. बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही, त्याला हलायला जागा उरत नाही. त्यामुळे फार्सी अर्थ खेळाच्या नियमाशी अधिक जुळतो. मराठी 'संकटावर मात केली' यातही ठार मारणे नाही, निष्प्रभ करणे आहे.

इंग्रजीत 'चेक'चे अर्थ एकातून एक फुटत गेले. राजाला शह बसला की खेळाडूचा बेत जागच्या जागी थांबतो, म्हणून 'चेक' म्हणजे एकाएकी बसलेला अटकाव. अटकावातून ताबा आणि नियंत्रण. नियंत्रण ठेवायचे तर नोंदी ताडून पाहाव्या लागतात, म्हणून पडताळणी. चेकनाक्यावर यातले दोन अर्थ अजून एकत्र नांदतात. तिथे गाडी आधी अडवतात, मग तपासतात.

दुसरी फांदी पटावरच्या घरांची. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एशेकिए' म्हणत. त्यावरून चौकडीचे कापड 'चेक्स'चे झाले आणि त्यावरूनच इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याला 'एक्सचेकर' हे नाव पडले. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने बाराव्या शतकात या खात्यावर एक संवादरूप ग्रंथ लिहिला. त्यात दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद मेजाचे वर्णन आहे. मेजावर रेघा आखलेले काळे कापड अंथरलेले असे. पेन्स, शिलिंग, पौंड, विसा, शेकडे, हजार यांचे रकाने ठरलेले असत आणि त्यांत सोंगट्या सरकवून हिशेब मांडला जाई. रोमन आकड्यांनी लिहिता येत असे, पण बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे, म्हणून ही सोय. फिट्झनील नावाचे आणखी एक कारण देतो. पटावर दोन राजांची लढाई होते, तशी या मेजावर खजिनदार आणि वसुलीचा हिशेब द्यायला आलेला शेरीफ या दोघांची होते. आपल्याकडच्या वसुली कचेऱ्यांचे जुने कागद वाचणाऱ्याला ही उपमा लगेच पटेल.

बँकेचा चेक मात्र पुष्कळ नंतरचा. अठराव्या शतकाच्या आरंभी 'चेक' म्हणजे पैशाच्या कागदाची स्थळप्रत. मूळ कागदात कुणी फेरफार केला तर स्थळप्रतीशी ताडून लबाडीला अटकाव करता यावा, हा तिचा उपयोग. हळूहळू स्थळप्रतीचे नाव फाडून दिलेल्या कागदालाच चिकटले. पुढे 'एक्सचेकर'च्या धर्तीवर ब्रिटनमध्ये त्याचे स्पेलिंग बदलले. अमेरिकेत जुनेच राहिले.

इथे एका लोकप्रिय मताचा विचार करायला हवा. 'चेक' हा अरबी 'सक्क' शब्दावरून आला, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. सक्क म्हणजे लेखी दस्त. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने पश्चिम आफ्रिकेतल्या औदागुस्त इथे बेचाळीस हजार दिनारांचा सक्क पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. अरब व्यापाऱ्यांची ही व्यवस्था प्रगत होती यात शंका नाही. पण वस्तू जुनी असणे आणि शब्द तिच्यापासून निघणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी शब्द बुद्धिबळातल्या 'चेक'च्याच रूपात येतो, आधी स्थळप्रतीला लागतो, आणि ताडून पाहण्याचा अर्थ त्याच्या अंगात तेव्हा मुरलेला असतो. सक्कपासून तो निघाला म्हणायचे तर मधले हे टप्पे अनावश्यक ठरतात. नुसत्या ध्वनिसाम्यावर विसंबले तर आपल्या हुंडीचा किंवा चिठ्ठीचाही कुठे ना कुठे संबंध जोडता येईल.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' रचून फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. आज 'चेक'ऐवजी 'धनादेश' लिहावे असा आग्रह असतो. धनादेश हा शब्द नेटका आहे आणि छापील मराठीत रुळलाही आहे. पण चेक परका म्हणून गाळायचा, तर त्याच न्यायाने शह गाळावा लागेल. तो गेला की काटशह गेला आणि 'राजकीय शह' हा वृत्तपत्रांचा आवडता मथळाही गेला. परका कोण हे ठरवायला व्युत्पत्ती उपयोगी पडत नाही, कारण ती मागे नेत नेत आपल्याला 'क्षत्र'च्या दारात आणून सोडते. शब्द ठेवायचा की नाही हे बोलणाऱ्यांच्या गरजेने ठरते. शह आपण ठेवला, कारण त्याची सर 'अटकाव'ला येत नाही.

आपल्या देशात चेकची कायदेशीर व्याख्या १८८१ च्या कायद्यात आली, आणि तो न वटणे हा गुन्हा ठरवणारे १३८ वे कलम १९८८ च्या दुरुस्तीने त्यात घातले गेले. तेव्हापासून कोर्टांच्या आवारात एक वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येते : 'त्याने चेक दिला, तो वटला नाही, म्हणून आम्ही केस टाकून त्याला शह दिला.' बोलणाऱ्याला कल्पना नसते, पण या वाक्यात एकच शब्द दोनदा आलेला असतो. एकदा तो लंडनच्या पेढ्यांवरून आलेला असतो आणि एकदा फार्सीतून थेट.