राजदूताचे प्रास्ताविक आणि निकीतिनचा प्रवास

जुन्या चित्रपटाच्या खेळापूर्वी निवृत्त राजदूताने चार शब्द बोलावेत, हा प्रघात आपल्याकडील चित्रपट-मंडळांना अपरिचित नाही. दोन राष्ट्रांच्या सहकार्यातून निघालेल्या चित्रपटाला तर असे प्रास्ताविक शोभून दिसते. रुआबांधा हे ज्या भिलाईच्या पोलाद-वसाहतीत आहे, तेथे असा खेळ करावयाचा तर प्रथम 'परदेसी'चे (१९५७) नाव सुचावे.

भिलाईच्या कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. दुर्ग जिल्हा त्या वेळी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात, म्हणजे हिंदी-मराठी द्विभाषिक राज्यात होता. पुढील वर्षी राज्यपुनर्रचना झाली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. याच काळात ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी 'परदेसी' निर्माण केला. १९५२ ते १९६१ या काळात मॉस्कोमध्ये भारताचे राजदूत होते के. पी. एस. मेनन. त्यांच्यासारख्याने या चित्रपटाची ओळख करून द्यावयाची, तर ती साहजिकच मैत्रीची होईल. आणि चित्रपटाचा हेतूही तोच होता.

परंतु चित्रपटामागे एक ग्रंथ आहे. त्वेर येथील व्यापारी अफानासी निकीतिन पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरला, जुन्नरास राहिला आणि बहामनी राजधानी बीदरला गेला. त्याचे प्रवासवर्णन मैत्रीचे नव्हे, बहुतांशी विवंचनेचे आहे. रशियाला उपयोगी पडेल असा माल येथे नाही, ही त्याची तक्रार. जुन्नरला असदखानाने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो सुटला. सणांची गणती चुकली, उपवास कधी धरावा हे कळेना. ज्याला हिंदुस्थानात जावयाचे त्याने आपली श्रद्धा मायदेशीच ठेवून यावे, असे तो आपल्या बांधवांना बजावतो. वर्णनाचा शेवट होतो तो रशियन भाषेत नव्हे, तर अरबी, फारसी व तुर्की शब्दांच्या मिश्रणातून केलेल्या प्रार्थनेत.

चित्रपटातील प्रेयसी चंपा मूळ ग्रंथात नाही. तिचा प्रवेश हा काही अपराध नव्हे. चित्रपटाला कथानक लागते, आणि नर्गिसने ती भूमिका केली, हे प्रेक्षकांचे भाग्यच. आक्षेप इतकाच की, प्रेमकथेत मैत्रीला काही मोल द्यावे लागत नाही. ग्रंथातील निकीतिनने मात्र तिचे मोल आपल्या भाषेने आणि श्रद्धेने चुकविले.

येथे राजदूताचे कर्तव्य भाषांतरकाराच्या कर्तव्याशी येऊन मिळते. दोघेही परक्याचे बोलणे आपल्या माणसांपर्यंत पोहोचवितात, आणि कटू तेवढे गाळण्याचा मोह दोघांनाही होतो. राजदूत पदावर असताना तो मोह कर्तव्याचाच भाग असू शकेल. निवृत्तीनंतर तशी सक्ती उरत नाही. म्हणूनच अशा प्रास्ताविकाचे महत्त्व. पडदा उजळण्यापूर्वी वक्त्याने जुन्नरचा घोडा आणि बीदरची चुकलेली दिनगणती सांगितली, तर चित्रपटाचे रंग फिके पडणार नाहीत. पोलादासाठी परमुलखातून आलेल्या माणसांच्या संगतीत जी वसाहत उभी राहिली, तेथील प्रेक्षकाला तर त्या एकाकी व्यापाऱ्याची अडचण समजावून सांगण्याची गरजच पडणार नाही.