वैमानिक व्यवसायप्रवेश, मराठवाड्यातील

प्रवासी किंवा मालवाहू विमान कंपनीत वैमानिक म्हणून नेमणूक होण्यापूर्वी उमेदवाराला ज्या शैक्षणिक, वैद्यकीय व उड्डाणविषयक पायऱ्या चढाव्या लागतात, त्यांना स्थूलमानाने वैमानिक व्यवसायप्रवेश म्हणता येईल. या पायऱ्यांचे तांत्रिक स्वरूप १९४४ च्या शिकागो करारापासून आंतरराष्ट्रीय संकेतांनी निश्चित होत गेल्यामुळे ते बहुतेक देशांत सारखेच आहे. परंतु त्या चढण्याचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले. भारतातील वैमानिक प्रशिक्षणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या बदलत्या उत्तराचा इतिहास होय. हिंगोली जिल्ह्यासारख्या प्रदेशात तो विशेष स्पष्टपणे दिसतो. या जिल्ह्यात विमानतळ नाही व सर्वांत जवळचा प्रवासी विमानतळ शेजारच्या नांदेड येथे आहे. त्यामुळे येथील विद्यार्थ्याला पहिली पायरी घराबाहेर, बहुधा जिल्ह्याबाहेरच शोधावी लागते.

फ्लाइंग क्लबांचा काळ : भारतात नागरी विमानचालनाच्या शिक्षणास १९२८ च्या सुमारास संघटित स्वरूप आले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता इ. शहरांत फ्लाइंग क्लब निघाले व सरकारने त्यांना विमाने आणि आर्थिक साहाय्य दिले. मुंबईच्या क्लबचे केंद्र जुहू येथे होते. जे. आर. डी. टाटा (१९०४–९३) यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले व भारतीय हवाई वाहतुकीचा पाया घातला. क्लबांना सरकारी मदत असली, तरी या काळात विमान शिकणे हा मुख्यतः सधन नागरी कुटुंबांतील तरुणांचा छंद होता. त्यातून उपजीविका होऊ शकते, ही कल्पना टपालसेवा सुरू झाल्यानंतर हळूहळू रुजली.

हैदराबाद संस्थानातील स्थिती : आजचा हिंगोली जिल्हा त्या वेळी हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्याचा भाग होता. हिंगोली गाव हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीमुळे प्रसिद्ध होते. पूर्णेहून हिंगोलीस आलेल्या लोहमार्गामुळे ते गोदावरी खोऱ्यातील रेल्वेशी व तिच्याद्वारे राजधानीशी जोडले गेले होते. संस्थानातील विमानचालनाचे केंद्र राजधानीजवळ बेगमपेट येथे होते. तेथे पोहोचण्यातील खरी अडचण अंतरापेक्षा शिक्षणाची होती. उस्मानिया विद्यापीठात (स्थापना १९१८) शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, तर विमानचालनाची परिभाषा, परीक्षा व रेडिओवरील संभाषण इंग्रजीत चाले. मराठी घरातील मुलाला अशा प्रकारे दोन परक्या भाषांचे उंबरठे ओलांडावे लागत.

१९४५ मध्ये हैदराबाद संस्थान व टाटा यांच्या सहभागाने डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली. या कंपनीचे एक उदाहरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. प्रेम माथुर यांनी १९४७ मध्ये अलाहाबाद येथून व्यावसायिक परवाना मिळविला. परंतु स्त्री असल्याच्या कारणावरून आठ विमान कंपन्यांनी त्यांना नाकारले. अखेर डेक्कन एअरवेजने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले आणि त्या भारतातील पहिल्या स्त्री व्यावसायिक वैमानिक ठरल्या. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यतही जिंकली. तथापि, विमानाचे मुख्य वैमानिकपद त्यांना तेथे मिळाले नाही व त्यांनी ती कंपनी सोडली. परवाना मिळणे व नोकरी मिळणे या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत, हे या उदाहरणावरून प्रारंभीच दिसून आले.

राष्ट्रीयीकरणाचा काळ : १९५३ च्या हवाई निगम कायद्याने डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स हा निगम स्थापण्यात आला व आंतरराष्ट्रीय वाहतूक एअर इंडिया इंटरनॅशनलकडे राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात गेले. त्यामुळे हिंगोली-परभणीकडील विद्यार्थ्यांना जुनी राजधानी परराज्यात गेलेली आढळली व उच्च शिक्षणासाठी त्यांना मुंबई, पुणे, नागपूर यांकडे वळावे लागले. १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर विज्ञानशिक्षणाची सोय विभागातच होऊ लागली, हे या संदर्भात लक्षात घेतले पाहिजे.

या चार दशकांत फ्लाइंग क्लबांना शासकीय अनुदान मिळे व उड्डाणतासाच्या खर्चाचा काही भाग शासन सोशीत असे. हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनविलेली ‘पुष्पक’ ही हलकी विमाने अनेक क्लबांत वापरली जात. परवाना त्या मानाने स्वस्त होता. परंतु नोकरी देणारे निगम दोनच असल्यामुळे जागा थोड्या निघत. या मर्यादेतही काही महत्त्वाचे टप्पे गाठले गेले. १९६६ मध्ये दुर्बा बॅनर्जी इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक झाल्या, तर १९८५ मध्ये सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता–सिलचर मार्गावर केवळ स्त्री-वैमानिकांनी चालविलेल्या फोकर फ्रेंडशिप विमानाचे नेतृत्व केले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र शासनाची संस्था स्थापन झाली. तेथील प्रवेश स्पर्धापरीक्षेने होत असल्यामुळे लहान गावांतील विद्यार्थ्यांनाही गुणवत्तेवर वाव मिळू लागला.

खाजगीकरणानंतर : १९९४ मध्ये हवाई निगम कायदा रद्द झाला व खाजगी कंपन्यांना नियमित वाहतुकीचा मार्ग मोकळा झाला. २००३ नंतर स्वल्पदराच्या विमानसेवांमुळे वैमानिकांची मागणी एकाएकी वाढली. याच काळात खर्चाचा भार शासनाकडून कुटुंबाकडे सरकला. महाराष्ट्रात गोंदिया (बिरसी), बारामती, शिरपूर येथे प्रशिक्षण संस्था निघाल्या व मुंबई फ्लाइंग क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण धुळे येथे होऊ लागले. महानगरांवरील गजबजलेल्या आकाशापेक्षा लहान विमानतळ शिक्षणास सोयीचे ठरले, हे त्यामागील एक कारण होय. अशा रीतीने प्रशिक्षण ग्रामीण भागाच्या जवळ आले. पण त्याची किंमत ग्रामीण कुटुंबाच्या आवाक्यापासून दूर गेली. व्यावसायिक परवान्यास आज चाळीस-पन्नास लाख रुपये वा त्याहून अधिक खर्च येतो. मुख्यतः सोयाबीन, कापूस व हळद यांवर जगणाऱ्या हिंगोली जिल्ह्यातील कुटुंबाला ही रक्कम बहुधा जमीन किंवा घर तारण ठेवल्याशिवाय उभी करता येत नाही.

पायऱ्या व त्यांचा क्रम : विद्यार्थी-वैमानिकाचा परवाना वयाच्या सोळाव्या वर्षी, तर व्यावसायिक परवाना अठराव्या वर्षानंतर मिळू शकतो. पूर्वी दहावी उत्तीर्ण उमेदवार पात्र असे. १९९० नंतरच्या दशकात बारावीस भौतिकी व गणित हे विषय असण्याची अट आली. ती शिथिल करण्याचा विचार २०२५ मध्ये पुढे आला. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक असून त्यांपैकी १०० तास उमेदवाराने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून उडावे लागते. त्यात सुमारे ५५५ किमी.चे एक दूरपल्ल्याचे उड्डाण, केवळ उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण व रात्रीचे उड्डाण यांचा समावेश होतो. यांखेरीज मार्गनिर्देशन, वातावरणविज्ञान, हवाई नियम व विमानतंत्र या विषयांच्या लेखी परीक्षा, तसेच रेडिओ-दूरध्वनीचा परवाना मिळवावा लागतो. प्रवासी विमानाचा मुख्य वैमानिक होण्यासाठी लागणाऱ्या परवान्यास २१ वर्षे वय व १,५०० तासांचा अनुभव लागतो.

या पायऱ्यांचा क्रम ही केवळ औपचारिक बाब नाही. दृष्टी, रंगज्ञान, श्रवण वा हृदय यांतील एखादा दोष प्रथम वर्गाच्या वैद्यकीय तपासणीत उमेदवारास अपात्र ठरवू शकतो. ही तपासणी शुल्क भरल्यानंतर केली, तर दोषाबरोबर कर्जही गळ्यात पडते. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी, नंतर लेखी विषयांची तयारी व शेवटी उड्डाणाचे शुल्क हा क्रम सर्वांत कमी जोखमीचा ठरतो. लेखी तयारी घरी राहूनही बरीचशी करता येते. उड्डाणतास मात्र विकतच घ्यावे लागतात. पावसाळा, विमानांची नादुरुस्ती व प्रशिक्षकांची उणीव यांमुळे हे तास रेंगाळतात व राहण्या-जेवण्याचा खर्च वाढतो. त्यामुळे संस्था निवडताना जाहिरातीपेक्षा चालू स्थितीतील विमानांची व प्रशिक्षकांची संख्या पाहणे इष्ट असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवार वर्गवारी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केल्यामुळे या निवडीस एक अधिकृत आधार मिळाला आहे. २००८ पासून आंतरराष्ट्रीय वाहतुकीत इंग्रजी संभाषणाची किमान पातळी सक्तीची झाली असल्याने मराठी माध्यमातील विद्यार्थ्याने त्या तयारीसही लवकर लागणे आवश्यक ठरते.

पर्यायी मार्ग : स्वखर्चाच्या मार्गाखेरीज अन्य काही मार्ग उपलब्ध आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था स्थापन केली. दहावीनंतर तेथे प्रवेश मिळालेल्या मुलांची खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयारी करून घेतली जाते. अशीच मुलींसाठीची संस्था पुढे नासिक येथे निघाली. हवाई दलात विमानचालनाचे शिक्षण राष्ट्राच्या खर्चाने होते. मात्र त्याच्या मोबदल्यात दीर्घकाळ सेवा करावी लागते व नागरी वाहतुकीत त्यानंतरच येता येते. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील उमेदवारांसाठी ‘महाज्योती’ या शासकीय संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबच्या द्वारे वैमानिक प्रशिक्षणाची योजना हाती घेतली. काही विमान कंपन्या उमेदवारांची आधीच निवड करून त्यांना संलग्न संस्थांत शिकवितात. यात नोकरीची शक्यता अधिक असते, परंतु एकूण खर्च सामान्यतः स्वतंत्र मार्गापेक्षा जास्त पडतो.

परवाना व नोकरी यांतील अंतर : २०२३ मध्ये भारतात १,६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले. त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० व इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. असे आकडे उमेदवारांस उत्साहित करतात. परंतु २०१२ मध्ये किंगफिशर व २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि २०२० च्या महासाथीत उड्डाणे थांबली, तेव्हा अनुभवी वैमानिकही बेकार झाले व नवे परवानाधारक ताटकळत राहिले. विशिष्ट प्रकारच्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतल्याखेरीज केवळ परवान्यावर कंपनीच्या विमानात बसता येत नाही व तो खर्चही पुष्कळदा उमेदवारालाच करावा लागतो. शिक्षण सुरू करताना असलेली तेजी ते संपेपर्यंत टिकेलच, असे नाही. म्हणून पदवीचे शिक्षण चालू ठेवणे किंवा उपजीविकेचे दुसरे साधन हाताशी राखणे, यास या व्यवसायाच्या इतिहासाचाच आधार आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या पाचही तालुक्यांतील शाळांत आज भौतिकी व गणित शिकविले जाते आणि लेखी परीक्षांची पुस्तके कळमनुरी वा वसमत येथे बसूनही वाचता येतात. गेल्या शतकातील भाषेचा व शिक्षणाचा अडसर अशा रीतीने पुष्कळसा दूर झाला आहे. दोनशे तासांच्या किमतीचा अडसर मात्र वाढला आहे. तो दूर करण्याचा भार शासन, विमान कंपन्या व कुटुंब यांच्यात कसा विभागला जातो, यावरच या जिल्ह्यातून किती वैमानिक तयार होतील, हे अवलंबून राहील.