घाटनांदूर रेल्वे अपघात

महाराष्ट्र राज्याच्या बीड जिल्ह्यातील एक मोठा रेल्वे अपघात. अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर स्थानकात ३ जानेवारी २००३ रोजी सिकंदराबादहून मनमाडकडे जाणारी एक्सप्रेस गाडी उभ्या मालगाडीवर आदळून तो घडला. त्यात किमान १८ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या व सु. ४० जखमी झाल्या.

घाटनांदूर हे दक्षिण मध्य रेल्वेच्या विकाराबाद–परळी वैजनाथ या रुंदमापी मार्गावरील लहान स्थानक होय. निजामाच्या राजवटीत घातलेला हा लोहमार्ग जिल्ह्याच्या पूर्व कडेलाच स्पर्श करतो. खुद्द बीड शहराहून प्रवासी वाहतूक सुरू होण्यास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला.

अपघातसमयी हा मार्ग एकेरी होता. अशा मार्गावर जलद गाडीस वाट देण्यासाठी मालगाडी स्थानकातील बाजूच्या रुळांवर, म्हणजे लूप लाइनवर, घेतात. ती आत आली की सांधा पुन्हा मुख्य मार्गाकडे फिरवावयाचा आणि मगच येणाऱ्या गाडीस सिग्नल द्यावयाचा, असा क्रम असतो. सांधा व सिग्नल यांची यंत्रणा परस्परांशी जखडलेली असावी, या व्यवस्थेस इंटरलॉकिंग म्हणतात. हा क्रम चुकू नये, हाच तिचा हेतू. घाटनांदूर येथे तो चुकला. एक्सप्रेस गाडी मालगाडी उभी असलेल्या रुळांवर वळविली गेली. सांधा कोणत्या बाजूस लागला आहे, हे वेगात येणाऱ्या चालकास रात्री दुरून दिसत नाही. तो सिग्नलवरच विसंबतो. धोका लक्षात येईपर्यंत गाडी थांबविण्याजोगे अंतर उरलेले नसते.

अशा घटनांची नोंद बहुधा ‘मानवी चूक’ या सदराखाली होते. ते खरे असले, तरी अपुरे आहे. एकाच्या हातून झालेली चूक दुसऱ्या टप्प्यावर का अडली नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही. जुनी सिग्नलसामग्री, रूळ व पूल बदलण्यासाठी १७,००० कोटी रुपयांचा विशेष रेल्वे सुरक्षा निधी ऑक्टोबर २००१ मध्येच स्थापन झाला होता. म्हणजे यंत्रणेतील उणीव सरकारला ठाऊक नव्हती, असे नाही.

केवळ विद्युत् यंत्रणा आल्याने हा धोका संपला नाही. ओडिशातील बहनगा बाजार येथे २ जून २०२३ रोजी कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, परंतु सांधा लूप लाइनकडे होता. ती लोहखनिजाच्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक प्रवासी दगावले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या तारांची पूर्वी झालेली चुकीची जोडणी हे कारण आढळले. हे आयुक्त १९४१ पासून रेल्वे मंडळाच्या अधिकाराबाहेर असून सध्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. तमिळनाडूतील कवरैपेट्टै येथे ११ ऑक्टोबर २०२४ रोजी म्हैसूर–दरभंगा एक्सप्रेस अशीच लूप लाइनवर शिरून मालगाडीवर आदळली. त्यात प्राणहानी झाली नाही.