विंचवाच्या दंशाचे शास्त्र

आष्टीच्या शेतकऱ्याला विंचू नवा नाही. दगड उचलावा तर त्याखाली तो असावयाचा. जालना भागातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात गेले, तेव्हा लाल विंचवाचे विष भिनलेल्यांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, श्वास टिपला. हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते, ही मरणाची वाट त्यांना दिसली. १९८२ साली ‘लॅन्सेट’ने ती लक्षणे छापली. पुढे त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन योजले. १९८६ साली तोही अनुभव तेथेच प्रसिद्ध झाला. मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आले. ज्ञान शहरातच जन्मते असे थोडेच आहे? आपल्या दवाखान्यातील नोंदवही प्रामाणिकपणे भरली, तर तीही माणसे वाचवील.