केंद्र : आपले की परके?

मंडळी, ज्याच्या घरी बैल आहेत त्याला पराणी ठाऊक असते. तिच्या टोकाला लोखंडी आर असते. पोरांच्या भोवऱ्यालाही आर असते. ती जमिनीवर एका जागी टेकते आणि भोवरा गरगरत राहतो. इंग्रजी 'सेंटर' हा शब्द अशाच एका आरेतून जन्मला आहे, बरे का!

प्राचीन ग्रीक भाषेत 'केंट्रॉन' म्हणजे टोचणारे टोक. बैलाची आर केंट्रॉन, गांधीलमाशीची नांगी केंट्रॉन. वर्तुळ काढताना कंपासाचा जो पाय रोवून धरतात, त्यालाही तेच नाव मिळाले. पुढे तो पाय जिथे रोवला, त्या बिंदूलाच केंट्रॉन म्हणू लागले. लॅटिन आणि फ्रेंच भाषांतून हा शब्द १४व्या शतकात इंग्रजीत पोचला.

तुम्ही म्हणाल, आमचे 'केंद्र' तर संस्कृत! आहे खरे, पण जन्माने नव्हे. यज्ञवेदी आखणारे शुल्बसूत्रकार 'मध्य' म्हणत. 'केंद्र' आले ते इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत, ग्रीक ज्योतिषाबरोबर. पत्रिकेतल्या १, ४, ७ आणि १० या स्थानांना आपण केंद्रस्थाने म्हणतो, ती त्याचीच खूण. म्हणजे सेंटर आणि केंद्र ही सख्खी भावंडे. मूळचा 'क' मात्र आपण सांभाळला, इंग्रजीत त्याचा 'स' झाला.

मग परका म्हणून हा शब्द टाकायचा का? ६व्या शतकातल्या वराहमिहिराने तर यवनांना, ते म्लेंच्छ असूनही, या शास्त्रातल्या ज्ञानासाठी ऋषींचा मान दिला. पुण्यात १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या ग्रंथाचे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षकच होते. या शास्त्रात आपले किती आणि बाहेरचे किती, याची त्यांनी कसून छाननी केली. अशा छाननीने आपले काही उणे होत नाही.

आज आरोग्य केंद्र, मतदान केंद्र हे शब्द गावोगाव बोलले जातात. पुण्याचे आकाशवाणी केंद्रही याच नावाने ओळखले जाते.

तेव्हा गुरुजी, वर्गात वर्तुळ शिकवाल तेव्हा आधी एखाद्या पोराचा भोवरा मागून घ्या. तो फिरवा, आर दाखवा आणि मगच कंपास हाती घ्या.