कान, प्लग आणि काटा

एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. हवा कमी पडली की मिश्रण ‘रिच’, जास्त झाली की ‘लीन’. पहिल्यात गाडी पेट्रोल पिते आणि सायलेन्सर काळा होतो, दुसऱ्यात पिकअप जातो आणि इंजिन तापते. हे प्रमाण दाखवणारा काटा डॅशबोर्डवर बसवण्याची हौस अलीकडची आहे, पण प्रमाण ओळखण्याची विद्या मोटारीइतकीच जुनी.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट आणि पुढे पद्मिनी तयार होत होत्या, त्या काळात मिस्त्रीचा कान हाच काटा होता. इंजिन गरम करायचे आणि कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा आत न्यायचा. इंजिन अडखळू लागले की तो थोडा मागे घ्यायचा आणि आवाज सर्वांत चढा, एकसारखा लागेल तिथे सोडून द्यायचा. खातरजमा प्लग काढून होई. टोक तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी असेल तर रिच, पांढरेफटक पडले असेल तर लीन. ही पद्धत स्वस्त होती आणि चांगल्या हातात पुष्कळ अचूकही. पण ट्यूनिंग व्हायचे उभ्या गाडीचे. चढावर, भरल्या गाडीत, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर मिश्रणाचे काय होते, हे प्लग सांगे तेही नंतर आणि गोळाबेरीज.

त्यावर उत्तर निघाले ते एका विजेच्या दिव्यातून. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नर्न्स्ट यांनी 1890 च्या दशकाअखेरीस झिर्कोनियाचा दिवा बनवला. हे चिनीमातीसारखे द्रव्य तापले की त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहतात. त्याच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर ठेवला, तर दोन्हींकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकाप्रमाणे व्होल्टेज तयार होते. बॉश कंपनीचा या तत्त्वावरचा लॅम्डा सेन्सर 1976 मध्ये अमेरिकेसाठीच्या व्होल्वो गाड्यांत पहिल्यांदा बसला. वितळलेल्या पोलादातला ऑक्सिजन मोजणारी कांडीही याच तत्त्वावर चालते. भंडारा जिल्ह्यातल्या वरठीला, म्हणजे रेल्वेच्या भंडारा रोड स्टेशनाच्या गावी, 1989 पासून सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे आणि त्याचा माल वाहनांच्या सुट्या भागांसाठी जातो. मोटारीचा भाग होण्याआधीचे पोलाद आणि मोटारीचा धूर एकाच जातीच्या उपकरणाने तपासता यावेत, हा योगायोग गमतीचा खरा.

भारतात हा सेन्सर कायद्याच्या रेट्याने आला. चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना 1995 मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. 2000 च्या सुमारास इंजेक्शनची इंजिने रुळली आणि त्यांच्याबरोबर सेन्सरही आला. त्याच काळात मुंबईत न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीवर जाऊ लागल्या. गॅसला हवा अधिक लागते, सुमारे 17 पट. त्यामुळे इंजेक्शनच्या गाडीला सीएनजीचे किट बसवताना सेन्सरची तार शोधून तिला जोड देण्याचे काम वायरिंगवाल्याकडे आले. मिश्रणाचा कारभार स्क्रू ड्रायव्हरकडून टेस्ट लॅम्प आणि मीटरकडे गेला तो असा.

हौशी लोकांचे पहिले काटे याच तारेवर चालत. सेन्सर रिचला सुमारे 0.9 आणि लीनला 0.1 व्होल्ट देतो. मधली उडी 0.45 च्या आसपास, एकदम. त्यामुळे छोट्या दिव्यांची पट्टी दिवाळीच्या माळेसारखी सतत पुढे-मागे पळे. दिसायला छान, पण 12.5 आणि 13.5 यांतला फरक तिला सांगता येत नसे. बॉशने 1994 मध्ये आणलेल्या वाइडबँड सेन्सरने ही अडचण सोडवली. आजचे सुटे काटे त्याच्यावरच चालतात.

काटा बसवताना खरी कसोटी वायरिंगची असते. आधी सायलेन्सरच्या पुढच्या पाइपाला, कन्व्हर्टरच्या अलीकडे, 18 मिलिमीटर आट्याची बोंडी वेल्ड करतात. सेन्सर आडव्या रेषेपासून थोडा वर कललेला लागतो, नाहीतर थंड पाइपात साचलेले पाणी तापलेल्या झिर्कोनियावर पडून तो तडकतो. लाल तार इग्निशन चालू असतानाच करंट मिळणाऱ्या लाइनीवरून, फ्यूजमधून घेतात. बॅटरीवरून थेट घेतली तर आतला हीटर रात्रभर जळत राहतो आणि सकाळी गाडी ढकलावी लागते. उलट करंट न देता सेन्सर नुसताच धुरात राहिला, तर काजळीने मरतो.

सर्वांत फसवी तार अर्थची. काट्याचा आकडा गाडीच्या संगणकाला द्यायचा असेल, तर तो व्होल्टेजच्या रूपात जातो. अनेक काट्यांत 0 ते 5 व्होल्टांवर साधारण 7 ते 22 पर्यंतचे प्रमाण मांडलेले असते. म्हणजे एका व्होल्टामागे 3. रंगावर आवळलेल्या किंवा गंजलेल्या लगमध्ये 0.1 व्होल्ट गळाला, तरी संगणकाला 0.3 ने चुकीचा आकडा मिळतो आणि चालक बिनदोष इंजिनाचे ट्यूनिंग बिघडवून बसतो. म्हणून काट्याची अर्थ संगणकाच्या अर्थशेजारीच, पत्रा खरवडून घट्ट देतात.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 मुळे शंभर सीसीच्या दुचाकीलाही इंजेक्शन आणि सेन्सर आला. भंडाऱ्याच्या एमएच-36 पाटीच्या साध्या मोटारसायकलीच्या सायलेन्सरवरही आता ही तार दिसते. बीएस-4 पासूनच्या पेट्रोल मोटारींच्या पीयूसीवर 2500 फेऱ्यांवरचा लॅम्डा छापून येतो; तो 0.97 ते 1.03 मध्ये असावा लागतो. लॅम्डा म्हणजे प्रत्यक्ष हवा भागिले लागणारी हवा.

सेन्सर मुळात हाच लॅम्डा मोजतो आणि काटा त्याला 14.7 ने गुणून दाखवतो. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला मात्र सुमारे 13.5 पटच हवा पुरते. त्यामुळे आज काट्यावर 14.7 दिसत असताना इंजिनात शिरणारे प्रमाण 13.5 च्या आसपास असते. मिश्रण बरोबरच असते, आकडा तेवढा जुन्या पेट्रोलचा. जाणकार म्हणूनच काट्याची पट्टी लॅम्डावर लावून घेतात.