खेळातून शब्द : एक छोटासा इतिहास

मुलाला शब्द पाठ करून नव्हे, तर खेळता खेळता यावेत, ही गोष्ट आज आपल्याला सहज वाटते. पण ती रुजविण्यासाठी काही थोर स्त्रियांनी आयुष्य वेचले आहे. त्याची आठवण या स्मरणिकेत असावी, असे मला वाटते.

१९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. तेथील शब्दांचा पाठ म्हणजे खेळच होता. बाई दोन वस्तू मुलाच्या हाती देऊन सांगत, "हे खरखरीत, हे गुळगुळीत." मग म्हणत, "मला खरखरीत दे बरं!" आणि शेवटी विचारीत, "हे कसं आहे?" मूल चुकले तर रागवायचे नाही, पाठ थांबवून पुन्हा केव्हातरी घ्यायचा.

आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या. परंतु माँटेसरीची साधने महाग. ती खेड्याला कोठून परवडणार? १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेथे शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

यातील मर्म मला असे दिसते : या मुलांची घरची बोली वेगळी, पुस्तकातील मराठी वेगळी. शब्द कळला नाही की मूल गप्प बसते, आणि गप्प बसणारे मूल एके दिवशी शाळाच सोडते. हातात ओळखीची बी असली, की नवा शब्द परका राहत नाही.

आपल्या आळीतही परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले असतात. त्यांना जमवून डोळे बांधून डाळ, तांदूळ, चिंचोके ओळखायला लावावेत; मोठ्यांशी 'नाव, गाव, फळ, फूल' खेळावे. खर्च काहीच नाही. मात्र एक पथ्य पाळावे : मुलाने आपल्या घरचा शब्द सांगितला तर हसू नये. आधी तो आपण शिकावा, मग आपला त्याला द्यावा.